संक्षुब्ध प्रवाहातील सुसंगत संरचना

संक्षुब्ध प्रवाहातील सुसंगत संरचना म्हणजे द्रायूच्या (द्रव व वायू या दोहोंना मिळून द्रायू म्हणतात) वरकरणी अस्ताव्यस्त दिसणाऱ्या प्रवाहात पुन्हा पुन्हा निर्माण होणारे, काही काळ आकार टिकवून धरणारे आणि नंतर विरून जाणारे गतीचे आकृतिबंध होत. भोवरे, भिंतीलगतचे मंद-जलद पट्टे, केसाच्या आकड्यासारखी वाकलेली आवर्ते आणि एकमेकांत मिसळत जाणाऱ्या मोठ्या गुंडाळ्या ही त्यांची प्रमुख उदाहरणे आहेत. संक्षोभ ही केवळ यदृच्छ हालचाल असून तिचे वर्णन सरासऱ्यांनीच करता येते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रबळ होती. ही समजूत बदलण्यात दोन गोष्टींचा मोठा वाटा आहे. पहिली, प्रवाह डोळ्यांना दिसेल अशा रीतीने केलेले प्रयोग. आणि दुसरी, मोजमापांच्या ढिगातून प्रमुख आकृती वेगळी काढण्याची गणिती पद्धत. या पद्धतीचा पाया दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ मध्ये मांडला होता.

संकल्पना

प्रवाह संथ व थरांनी वाहणारा (स्तरीय) असेल की संक्षुब्ध, हे प्रामुख्याने रेनल्ड्झ अंकावर ठरते. वेग आणि प्रवाहाची रुंदी किंवा खोली यांच्या गुणाकाराला द्रायूच्या शुद्धगतिक श्यानतेने, म्हणजे घनतेच्या तुलनेतील चिकटपणाने, भागले असता हा अंक मिळतो. नळातील प्रवाह साधारणपणे २,००० च्या आसपासच्या अंकापर्यंत स्तरीय राहतो. दोन मीटर खोल आणि सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा अंक सुमारे वीस लाख भरतो. म्हणजे निसर्गातील बहुतेक ओढे, नद्या, खाड्या व वारे संक्षुब्धच असतात.

संक्षुब्ध प्रवाहात एखाद्या बिंदूवरचा वेग क्षणाक्षणाला बदलतो आणि त्याचा दीर्घकालीन अंदाज बांधता येत नाही. तथापि दोन जवळच्या बिंदूंवरचे वेग एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एका ठिकाणी पाणी वर उसळत असेल, तर ठरावीक अंतरावर ते खाली जात असण्याची शक्यता अधिक असते. अशा परस्परसंबंधाने बांधलेला द्रायूचा भाग स्वतःच्या एका आवर्तनाच्या काळापेक्षा अधिक काळ ओळखता आला, तर त्यास सुसंगत संरचना म्हणण्याचा प्रघात आहे. फझल हुसैन यांनी १९८० च्या दशकात आवर्तितेच्या, म्हणजे द्रायूच्या स्थानिक फिरकीच्या, आधारे अधिक काटेकोर व्याख्या दिली. ती बरीच वापरात असली तरी सर्वमान्य नाही.

‘सुसंगत’ म्हणजे ‘नियमित’ नव्हे. या संरचना घड्याळाच्या ठोक्याप्रमाणे येत नाहीत, त्यांचा आकार व आयुष्य बदलते असते आणि पुढची संरचना नेमकी केव्हा येईल हे सांगता येत नाही. ती आली की ओळखता मात्र येते.

किनाऱ्यावरील उदाहरणे : आंजर्ले

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील आंजर्ले हे गाव जोग नदीच्या खाडीमुखाशी वसले आहे. गावाजवळच्या टेकडीवर ‘कड्यावरचा गणपती’ हे मंदिर असून दक्षिणेस हर्णै बंदर व सुवर्णदुर्ग आहेत. प्रयोगशाळेत अभ्यासल्या जाणाऱ्या संरचनांचे अनेक प्रकार अशा किनाऱ्यावर उपकरणांशिवाय पाहता येतात.

खाडीच्या प्रवाहात रोवलेल्या खांबामागे आळीपाळीने डावीकडून व उजवीकडून सुटणाऱ्या भोवऱ्यांची माळ तयार होते. आंरी बेनार यांनी १९०८ मध्ये तिचे प्रायोगिक वर्णन केले आणि थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११–१२ मध्ये तिचे गणित मांडले. म्हणून तिला कार्मान आवर्तमाला म्हणतात. भोवरे सुटण्याची वारंवारता वेग भागिले व्यास या गुणोत्तराच्या साधारण ०.२ पट असते. दहा सेंटिमीटर जाडीच्या खांबाजवळून पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने जात असेल, तर खांबाच्या प्रत्येक बाजूने सेकंदाला सुमारे दोन भोवरे सुटतील. या परिस्थितीत रेनल्ड्झ अंक एक लाखाच्या घरात असतो व खांबामागचे पाणी पूर्णपणे संक्षुब्ध असते, तरीही माळ मोडत नाही.

ओहोटीच्या वेळी खाडीचे गढूळ पाणी समुद्राच्या पाण्यात शिरते तेव्हा दोन वेगांच्या पाण्यांमधील सीमारेषा सरळ राहत नाही. ती नागमोडी होते, तिच्या वळणांच्या गुंडाळ्या बनतात व फेसाच्या रेषांमुळे त्या उठून दिसतात. वेगातील अशा फरकामुळे निर्माण होणाऱ्या अस्थैर्यास केल्व्हिन–हेल्महोल्ट्झ अस्थैर्य म्हणतात. पावसाळ्यात, पाण्याचा गढूळपणा जास्त असताना, उंचावरून पाहणाऱ्यास हे दृश्य अधिक स्पष्ट दिसते.

पोसवणीला आलेल्या भातशेतीवरून वारा वाहू लागला की पिकावर लाटा धावताना दिसतात. जपानी संशोधक इनोउए यांनी १९५० च्या दशकात या लाटांसाठी ‘होनामी’ ही संज्ञा शास्त्रीय वाङ्मयात रूढ केली. पिकाच्या आत वारा मंद व वर जलद असल्यामुळे शेंड्यांच्या पातळीवर खाडीमुखाप्रमाणेच दोन वेगांचा सांधा तयार होतो आणि तेथे गुंडाळ्या बनतात. प्रत्येक गुंडाळीबरोबर खाली येणारा झोत लोंब्या वाकवत पुढे जातो. रॉपक, फिनिगन व ब्रुने यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की पिकांवरील व जंगलावरील संक्षोभ हा सपाट जमिनीवरील संक्षोभापेक्षा मिश्रण स्तरातील संक्षोभाशी अधिक मिळताजुळता असतो. लाटांमधील अंतर पिकाच्या उंचीच्या काही पट असते. म्हणजे पिकावरून वाहणारा वारा कितीही लहरी वाटला, तरी या लाटांचे माप बऱ्याच अंशी पिकाच्या उंचीनेच ठरते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर असून झोत १२० किलोमीटरपर्यंत गेले. आंजर्ल्यासह दापोली तालुक्यातील किनारी गावांत नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी झाली. चक्रीवादळ स्वतः समुद्राच्या उष्णतेवर पोसलेले महाकाय आवर्त असते. सुसंगत संरचना या संज्ञेचा नेहमीचा रोख त्याच्याकडे नसतो, तर त्याच्या तळाशी, जमिनीलगतच्या काहीशे मीटरांत दिसणाऱ्या लांबट गुंडाळ्यांकडे असतो. अमेरिकेत १९९६ मधील ‘फ्रॅन’ या चक्रीवादळात फिरत्या रडारने अशा गुंडाळ्या टिपल्या गेल्या. त्यांच्यातील अंतर एक किलोमीटरहून कमी होते. गुंडाळी जेथे वरचा वेगवान वारा खाली आणते, त्या पट्ट्यात झोत तीव्र होतात. एकाच वादळात लगतच्या दोन बागांच्या नुकसानीत मोठी तफावत पडण्याचे हे एक संभाव्य कारण मानले जाते. इमारती व बागांच्या संरक्षणाचा विचार केवळ सरासरी वेगावर करणे अपुरे ठरते, ते यामुळेच.

अभ्यासाचा इतिहास

लिओनार्दो दा व्हिंची याने १५०० नंतरच्या दशकात कुंडात पडणाऱ्या पाण्याची रेखाचित्रे काढली व त्यातील भोवऱ्यांची तुलना केसांच्या बटांशी केली. पुढील जवळजवळ पावणेचार शतकांत या निरीक्षणास गणिती रूप मिळाले नाही.

ऑझबर्न रेनल्ड्झ यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे काचेच्या नळीत रंगाची धार सोडून प्रयोग केले. वेग वाढताच रंग नळीभर पसरून गेला. परंतु विजेच्या ठिणगीच्या क्षणिक प्रकाशात पाहिले असता त्याच पसरलेल्या रंगात वेगवेगळ्या गुंडाळ्या दिसल्या. हे निरीक्षण त्यांच्या लेखात नोंदलेले आहे. असे असूनही १८९५ मध्ये त्यांनीच वेगाची सरासरी व सरासरीपासूनचे विचलन अशी फोड करण्याची पद्धत दिली आणि पुढील अर्धे शतक संशोधनाचा भर या सरासरीवर राहिला. अभियांत्रिकीला तिचा अतोनात उपयोग झाला, पण ठिणगीच्या प्रकाशात दिसलेल्या गुंडाळ्या समीकरणांतून नाहीशा झाल्या.

लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये मोठ्या भोवऱ्यांकडून लहान भोवऱ्यांकडे ऊर्जा उतरत जाते अशी कल्पना मांडली. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये तिला संख्याशास्त्रीय सिद्धांताचे रूप दिले. या सिद्धांताचे यश मोठे होते. मात्र त्यात भोवऱ्याला आकार नव्हता, केवळ माप होते. थिओडोर थिओडॉरसन यांनी १९५२ मध्ये भिंतीलगत घोड्याच्या नालासारखी आवर्ते असावीत असे सुचवले, पण त्याकडे त्या काळी फारसे लक्ष दिले गेले नाही.

कलाटणी मिळाली ती १९७४ मध्ये. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे गॅरी ब्राउन व अनातोल रॉश्को यांनी नायट्रोजन व हेलियम यांचे दोन समांतर झोत भिन्न वेगांनी सोडले आणि त्यांच्या सांध्याची छायाचित्रे घेतली. रेनल्ड्झ अंक मोठा असूनही छायाचित्रांत एकामागून एक मोठ्या गुंडाळ्या स्पष्ट दिसत होत्या व त्यांच्या अंगावर बारीक संक्षोभाची नक्षी होती. त्याच वर्षी विनंट व ब्रॉवंड यांनी शेजारच्या दोन गुंडाळ्या एकमेकींभोवती फिरून एक होतात व अशा जुळण्यांमुळे मिश्रण स्तर जाड होत जातो, हे दाखवले. मिश्रणाचा वेग हा अंध विसरणाचा परिणाम नसून ओळखता येणाऱ्या घटनांचा हिशेब आहे, हे या दोन प्रयोगांनी ठसवले.

भिंतीलगतचा क्रम

नळाच्या किंवा विमानाच्या पंखाच्या पृष्ठालगतच्या पातळ थरास सीमास्तर म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन क्लाइन व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये पाण्यात बारीक तारेपासून हायड्रोजनचे बुडबुडे सोडून या थराचे निरीक्षण केले. भिंतीलगत प्रवाहाच्या दिशेने लांबलेले मंद व जलद पट्टे आळीपाळीने दिसले. मंद पट्टा हळूहळू उचलला जातो, थरथरतो व एकाएकी फुटतो; या घटनेस ‘स्फोट’ म्हणतात. भिंतीजवळच्या संक्षोभाची बहुतांश निर्मिती अशा स्फोटांच्या काळात होते.

पट्ट्यांमधील सरासरी अंतर श्यानता व भिंतीवरील घर्षणवेग यांच्या गुणोत्तराच्या सुमारे १०० पट असते. सेकंदाला साधारण एक मीटर वेगाच्या पाण्यात गुळगुळीत पृष्ठालगत हे अंतर जेमतेम दोन मिलिमीटर भरते. शार्कच्या खवल्यांसारख्या बारीक खाचा पृष्ठावर कोरून या पट्ट्यांच्या हालचालीला अटकाव करता येतो व घर्षण प्रयोगशाळेत दहा टक्क्यांपर्यंत कमी करता येते. १९८७ च्या अमेरिका करंडक शर्यतीत जिंकलेल्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या नौकेच्या तळाला अशाच खाचांचे आवरण होते.

या क्षेत्रातील एक महत्त्वाचा भारतीय प्रयोग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाला. के. नारायण राव, रोद्दम नरसिंह (१९३३–२०२०) व एम. ए. बद्री नारायणन यांनी १९७१ मध्ये दाखवले की दोन स्फोटांमधील सरासरी काळ भिंतीलगतच्या सूक्ष्म मापांवर नव्हे, तर संपूर्ण सीमास्तराच्या जाडीवर व बाहेरच्या वेगावर अवलंबून असतो. भिंतीवरची घटना दूरच्या मोठ्या भोवऱ्यांच्या तालावर घडते, असा याचा अर्थ होत होता. ब्लॅकवेल्डर व हॅरिटोनिडिस यांनी १९८३ मध्ये अधिक लहान संवेदक वापरून उलट निष्कर्ष काढला. संवेदक मोठा असेल तर त्याच्यावरून जाणाऱ्या बारीक घटना निसटतात, हा त्यांचा आक्षेप होता. आत व बाहेर यांतील या देवाणघेवाणीचा प्रश्न त्यानंतर दीर्घकाळ चर्चेत राहिला.

कोसंबी आणि प्रमुख आकृती काढण्याची पद्धत

छायाचित्रात संरचना दिसली, तरी ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा खेळ नाही हे सिद्ध करावे लागते. ढगांत हत्ती दिसतोच. त्यामुळे निरीक्षकाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नसलेली कसोटी आवश्यक ठरली. जॉन लम्ली यांनी १९६७ मध्ये अशी कसोटी सुचवली. प्रवाहाची अनेक क्षणचित्रे घ्यावीत आणि त्या सर्वांशी सरासरीने सर्वाधिक जुळणारा एकच आकार कोणता, असा प्रश्न गणिताला विचारावा. तो आकार वजा करून उरलेल्यांतून दुसरा, मग तिसरा काढावा. या आकारांनी मिळून प्रवाहातील गतिज ऊर्जा जितक्या कमी पदांत व्यक्त होते, तितकी दुसऱ्या कोणत्याही फोडीने होत नाही. या पद्धतीस प्रॉपर ऑर्थोगोनल डिकम्पोझिशन किंवा यथार्थ लंबकोनी विघटन म्हणतात. बेकवेल व लम्ली यांनी त्याच वर्षी ती नळातील भिंतीलगतच्या प्रवाहाला लावली, तेव्हा उलट दिशांनी फिरणाऱ्या आवर्तांची जोडी प्रमुख आकार म्हणून मिळाली.

या पद्धतीचा गणिती गाभा दीर्घकाळ फिनलंडचे कारी कारुनेन व फ्रेंच गणिती मिशेल लोएव यांच्याच नावाने ओळखला जाई. वास्तविक तो १९४३ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ या नियतकालिकातील ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’ या लेखात दा. ध. कोसंबी (१९०७–१९६६) यांनी मांडला होता. गोव्यात जन्मलेले व हार्वर्डमध्ये शिकलेले कोसंबी त्या काळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. १९४५ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. वक्र रेषांच्या किंवा फलनांच्या समूहाचे संख्याशास्त्र कसे करावे, हा त्यांच्या लेखाचा विषय होता. प्रवाह हे उदाहरण त्यांच्यासमोर नव्हते. एका बिंदूवरील राशीचा दुसऱ्या बिंदूवरील राशीशी असलेला सहसंबंध घेऊन त्याची आयगेन फलने काढली, की समूहातील यादृच्छिक चढउतार परस्पर असंबंधित घटकांत विभागता येतात, हे त्यांनी दाखवले. लम्ली यांच्या पद्धतीतील प्रमुख आकार म्हणजे हीच फलने होत.

मराठी वाचकांना कोसंबी प्रामुख्याने प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून परिचित आहेत आणि त्यांच्या गणिताकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. रोद्दम नरसिंह यांनी २०११ मध्ये ‘रेझोनन्स’ या नियतकालिकातील लेखात कोसंबींच्या अग्रक्रमाकडे संक्षोभाच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले. आता काही ग्रंथांत ‘कोसंबी–कारुनेन–लोएव’ असा उल्लेख केला जातो.

लॉरेन्स सिरोविच यांनी १९८७ मध्ये दिलेल्या ‘क्षणचित्र पद्धती’मुळे हे विघटन मोठ्या संगणकीय प्रवाहांना लावणे शक्य झाले. ऑब्री, होम्स, लम्ली व स्टोन यांनी १९८८ मध्ये अशा मोजक्या आकारांवर भिंतीलगतच्या स्फोटांचे गतिकीय प्रारूप उभारले. पद्धतीची मर्यादाही लक्षणीय आहे. ज्या दिशेने प्रवाह सर्वत्र सांख्यिकीदृष्ट्या सारखा असतो, त्या दिशेने मिळणारे आकार साध्या ज्या-तरंगांत मोडतात व त्यांवरून एकेका भोवऱ्याचे रूप कळत नाही. शिवाय सर्वाधिक ऊर्जा बाळगणारा आकार प्रवाहाच्या पुढील वाटचालीत सर्वांत महत्त्वाचा असतोच असे नाही. लहरिका विश्लेषण आणि पीटर श्मिड यांनी २०१० मध्ये मांडलेले गतिकीय विघटन यांसारख्या पद्धती या उणिवा भरून काढण्यासाठी वापरल्या जातात.

रासायनिक अभियांत्रिकीतील उपयोग

सुसंगत संरचनांच्या अभ्यासाला औद्योगिक उपकरणांकडे वळवणाऱ्यांत मुंबईच्या माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेतील ज्येष्ठराज जोशी यांचा समावेश होतो. सातारा जिल्ह्यातील मसूर हे त्यांचे जन्मगाव. त्यांना १९९१ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार व २०१४ मध्ये पद्मभूषण मिळाले.

द्रवाने भरलेल्या उंच नळकांड्यात तळातून वायूचे बुडबुडे सोडले जातात, त्या उपकरणास बुडबुडा स्तंभ म्हणतात. त्यातील द्रव मध्यभागी वर चढतो व कडेने खाली उतरतो. जोशी व मनमोहन शर्मा यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रारूपात हे अभिसरण स्तंभभर एकच नसून एकावर एक रचलेल्या अनेक कोषांत घडते आणि प्रत्येक कोषाची उंची स्तंभाच्या व्यासाच्या जवळपास असते. प्रयोगशाळेतील लहान स्तंभावरून कारखान्यातील मोठा स्तंभ आखताना याचा थेट उपयोग होतो, कारण उंची तीच ठेवून व्यास वाढवला तर कोषांची संख्या बदलते व त्यासोबत मिश्रणही बदलते.

भिंतीपासून किंवा बुडबुड्याच्या पृष्ठापासून द्रवात उष्णता व पदार्थ कसे जातात, यासाठी हिग्बी (१९३५) व डँकवर्ट्स (१९५१) यांनी पृष्ठनवीकरणाची कल्पना मांडली होती. तीनुसार आतला ताजा द्रव पृष्ठापर्यंत येतो, काही काळ तेथे राहतो व परत जातो. हा ‘काही काळ’ किती, हे मात्र सिद्धांत सांगत नाही. तो प्रयोगातून जुळवून घ्यावा लागतो. द्रव पृष्ठाशी आणणारी व नेणारी संरचना ओळखता आली, तर तिच्या मापावरून व वेगावरून हा काळ मिळू शकतो. जोशी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘इंडस्ट्रियल अँड इंजिनीअरिंग केमिस्ट्री रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या विस्तृत आढाव्यात संरचना ओळखण्याच्या विविध पद्धती व संरचनांमधील ऊर्जेचा वाटा यांचा परामर्श घेतला. उपकरणांची आखणी बव्हंशी अनुभवजन्य सूत्रांवर चालते व त्यांत बरीच ऊर्जा वाया जाते, ही या संशोधनामागील व्यावहारिक निकड आहे.

पुनरावर्ती उकली

एबरहार्ड होप्फ यांनी १९४८ मध्ये एक वेगळाच दृष्टिकोन सुचवला होता. प्रवाहाची प्रत्येक संभाव्य अवस्था हा एका अफाट अवकाशातील बिंदू मानला, तर संक्षुब्ध प्रवाह म्हणजे त्या अवकाशातील भटकंती होय. या अवकाशात समीकरणांच्या काही काटेकोर उकली असतात : स्थिर राहणाऱ्या, आकार न बदलता सरकणाऱ्या किंवा ठरावीक काळाने मूळ रूपात परतणाऱ्या. त्या सर्व अस्थिर असल्याने प्रवाह त्यांपैकी कोणत्याही एकीवर थांबत नाही, पण तिच्याजवळून जाताना काही काळ तिच्यासारखा वागतो. दिसणारी संरचना म्हणजे अशा उकलीची ओझरती भेट.

अशी पहिली उकल मासातो नागाता यांनी १९९० मध्ये दोन सरकत्या पाट्यांमधील प्रवाहासाठी काढली. कावाहारा व किडा यांनी २००१ मध्ये त्याच प्रवाहात आवर्ती उकल शोधली. पट्टा निर्माण होणे, फुटणे व पुन्हा निर्माण होणे हे संपूर्ण चक्र तीत आढळते. ब्यॉर्न होफ व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नळातील संक्षुब्ध पाण्यात सरकत्या तरंगउकलींशी मिळतीजुळती रूपे प्रत्यक्ष टिपली. जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे दोन समकेंद्री नळकांड्यांमधील प्रवाहावर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्रिमितीय संक्षुब्ध प्रवाह गणनेने काढलेल्या पुनरावर्ती उकलींचा काही काळ माग घेत जातो, असे दिसून आले. हे यश मध्यम रेनल्ड्झ अंकांच्या व लहान आकारमानाच्या प्रवाहांपुरते आहे. अंक वाढत जातो तशी उकलींची संख्या प्रचंड वाढते व त्या काढण्याची गणना आवाक्याबाहेर जाते.

मतभेद

संरचनांचे अस्तित्व आता वादाचा विषय राहिलेला नाही. वाद आहे तो त्यांच्या भूमिकेविषयी. हेड व बंद्योपाध्याय यांनी १९८१ मध्ये धुराच्या साहाय्याने सीमास्तरात पृष्ठाशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून उभ्या असलेल्या, केसाच्या आकड्यासारख्या आवर्तांचे दाट वन दाखवले. वू व मोइन यांनी २००९ मध्ये केलेल्या संगणकीय गणनेतही असेच दृश्य दिसले. मात्र त्यानंतरच्या, अधिक मोठ्या रेनल्ड्झ अंकांच्या गणनांत हे आकडे प्रवाह संक्षुब्ध होण्याच्या सुरुवातीच्या टप्प्याजवळ ठळक दिसतात व पुढे विस्कटत जातात, असा निष्कर्ष निघाला.

भोवरा कोठे सुरू होतो व कोठे संपतो, याच्याही अनेक कसोट्या आहेत. हंट, रे व मोइन (१९८८) यांची आणि जोंग व हुसैन (१९९५) यांची कसोटी सर्वाधिक वापरली जाते. दोहोंत मर्यादामूल्य संशोधकाला निवडावे लागते, आणि ते बदलले की चित्रातील भोवऱ्यांची संख्या व जाडी बदलते. हाविएर हिमेनेझ यांनी २०१८ च्या आढाव्यात केवळ दिसणाऱ्या आकृतीपेक्षा, स्वतःच्या गतिकीने काही काळ चालणारी व बाहेरच्या प्रवाहावर फारशी अवलंबून नसणारी संरचना महत्त्वाची मानावी, अशी भूमिका घेतली. त्यांनीच आल्फ्रेडो पिनेल्ली यांच्यासह १९९९ मध्ये भिंतीपासून दूरचा संक्षोभ संगणकात कृत्रिमरीत्या दाबून टाकला होता. तरीही भिंतीलगतचे पट्टे व आवर्ते एकमेकांना निर्माण करत राहिली.